पास ठेवशील ना?

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता ख्याल गाते. "बाई, रविवारी माझं गाणं आहे, नक्की या." माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पास ठेवशील ना?" क्षणभर थांबून "हो बाई" म्हणाली. फोन ठेवला आणि माझीच मला लाज वाटली.

पूर्वी मैफलीबाहेर टेबलावर कलाकाराच्या कॅसेट, पुढे सीडी विकल्या जात. ते आता जवळजवळ संपलंच. सगळं मोबाईलवर. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियमच केला, की वर्षात हजारदा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रॉयल्टी नाही. अर्ध्या तासाचा बडा ख्याल, तोही नवख्या गायिकेचा, हजारदा कोण ऐकणार हो?

मग अशा कलाकारांना सांभाळायचं कोणी? मला वाटतं, आपणच. ही रीत काही नवी नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला लोक आजही तिकिटं काढून जातात. गावोगावची छोटी संगीत मंडळं तर सभासदांच्या वर्गणीवरच तग धरून आहेत.

ओळखीच्या कलाकाराकडे फुकट पास मागणं म्हणजे कौतुक नव्हे, त्याच्या पोटाला चिमटा आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून चार तिकिटं सांगितली. ती हसली, "बाई, तबलजींच्या बिदागीला हातभार लागला!"

तुम्ही कधी काढताय तिकीट?