संत्र्या-मोसंबीच्या सालींविषयी मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
इलेक्ट्रॉनिक्स सिटी इंडस्ट्रियल टाउनशिप ऑथॉरिटी, बेंगळुरू

विषय: साली वेगळ्या गोळा करून मेंदूच्या आरोग्यासाठी संशोधन सुरू करण्याबाबत

महोदय,

आम्ही वरूड, मोर्शी, काटोलकडून नोकरीनिमित्त इथे आलेली मराठी कुटुंबे. रस काढल्यावर संत्र्याचे जवळपास निम्मे वजन साल, चोथा आणि बियांत उरते. कँटीन आणि रसवाल्यांकडची ही साल ओल्या कचऱ्यात जाते. तिच्यातील लिमोनीन तेल खतातील गांडुळांनाही मानवत नाही.

पण याच सालीत हेस्पेरिडिन हे फ्लॅव्हेनोन आणि नोबिलेटिन ही द्रव्ये असतात. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाने २०१५ मध्ये ३७ निरोगी ज्येष्ठांवरील चाचणी प्रसिद्ध केली. आठ आठवडे रोज ३०५ मिलिग्रॅम फ्लॅव्हेनोन असलेला संत्र्याचा रस घेतल्यावर त्यांची आकलनक्षमता, कमी फ्लॅव्हेनोनच्या रसाच्या तुलनेत, सुधारलेली दिसली. चाचणी छोटी होती, आणि रसाची होती. सालीच्या अर्काची नव्हे. नोबिलेटिनचे स्मरणशक्तीवरील परिणाम मुख्यतः उंदरांत दिसले आहेत. स्मृतिभ्रंशावर औषध सापडले, असे आम्ही म्हणत नाही. पण २०२३ च्या अंदाजानुसार साठीपुढचे सुमारे ८८ लाख भारतीय या आजाराने ग्रस्त आहेत. आमचेही आईवडील थकत चालले आहेत. अशा वेळी हाताशी असलेली शक्यता तपासायलाच हवी.

म्हणून पहिली मागणी: साल उष्ट्या अन्नात न मिसळता रोजच्या रोज वेगळी उचलावी आणि त्याच दिवशी वाळवावी, कारण ओली साल लगेच बुरसते. अर्क काढण्याआधी प्रत्येक खेपेतील कीटकनाशकांचे अंश आणि मेणाचा थर तपासावा; ही अट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. अर्क काढण्याचा छोटा प्रकल्प इथल्याच बेंगळुरू बायोइनोव्हेशन सेंटरमध्ये उभारावा. बायोकॉनचीही सुरुवात १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून मिळणाऱ्या पपेनसारख्या एन्झाइमांनी झाली होती; तेव्हा फळातून उद्योग उभा राहतो, हे या शहराला नवीन नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेला यात सहभागी करून घ्यावे, म्हणजे विदर्भातील बागायतदारालाही सालीचा भाव मिळेल. माणसांवरील चाचणी निम्हान्सच्या देखरेखीखाली, नैतिकता समितीच्या परवानगीनेच व्हावी. तोवर ‘मेंदूसाठी’ म्हणून टाउनशिपमध्ये कोणतीही भुकटी वा गोळी विकू देऊ नये.

मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. त्याआधी संबंधितांची बैठक बोलवावी आणि आमच्या प्रतिनिधींना तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद