वाटेत अडलेली मोटार

उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. कुर्ल्याची पद्मिनी तर त्यापूर्वीच बंद झाली. तरीही कित्येक कुटुंबांनी या गाड्या जिव्हाळ्याने जपल्या आहेत. अशी गाडी परगावी, भर उन्हात, चहापाण्याला थांबल्यावर पुन्हा सुरू होईनाशी झाली, तर प्रथम एक पथ्य पाळावे : सेल्फ सारखा मारू नये. बॅटरी उतरली, म्हणजे एका अडचणीच्या दोन होतात.

मुलांना रस्त्यापासून दूर सावलीत बसवावे आणि मग क्रमाने शोध घ्यावा. सेल्फ मंद फिरत असेल, तर बॅटरीच्या टर्मिनलांवरील पांढरट क्षार पुसून ती घट्ट करावीत. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर दोष बहुधा ठिणगीत किंवा पेट्रोलच्या पुरवठ्यात असतो. किल्ली बंद करून डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढावे. पॉइंट काजळले असल्यास बारीक पॉलिश कागदाने पुसावेत. जुन्या पेट्रोल अँबॅसडरमध्ये पूर्ण उघडलेल्या पॉइंटांतील फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी.

ठिणगी ठीक असेल आणि इंजिन फार तापले असेल, तर पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असण्याचा संभव आहे. पंपाला वाफ ओढता येत नाही. बॉनेट उघडून पंपावर व नळीवर ओले, पिळलेले फडके ठेवावे आणि अर्धा तास स्वस्थ बसावे. उतावीळपणे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतणे मात्र जिवावरचे आहे. क्षणात भडका उडतो.

जुन्या गाडीचा दोष पुष्कळदा डोळ्यांना दिसतो. तो पाहण्याइतका धीर हवा.