उपचाराला प्रमाण हवे

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्लाझ्मासाठी दारोदार फिरणारे रुग्णांचे आप्त ज्यांनी पाहिले, त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही. त्याहून क्लेशदायक गोष्ट ही की, त्या धावपळीतून फारसे काही साधणार नाही, हे सहा महिन्यांपूर्वीच सिद्ध झाले होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० च्या एप्रिल ते जुलै या काळात देशातील ३९ रुग्णालयांत मध्यम तीव्रतेच्या ४६४ कोविडग्रस्तांवर परीक्षण केले. प्लाझ्मा कोणास द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ठरविले गेले. प्लाझ्मा मिळालेल्या गटातील २३५ पैकी ३४ रुग्ण दगावले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातील २२९ पैकी ३१. आजार बळावण्याच्या प्रमाणातही फरक आढळला नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. उपचारांच्या शासकीय मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र १७ मे २०२१ रोजी!

याच पद्धतीने ब्रिटनमध्ये जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाचा गुण सिद्ध झाला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. तुलना केली म्हणूनच हे कळले.

आपल्या गोमंतकाचा अनुभवही अभिमानास्पद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये आयव्हरमेक्टिन परीक्षणांपुरतेच वापरावे असे सांगितले असताना, मे महिन्यात येथे १८ वर्षांवरील सर्वांना ते देण्याची घोषणा झाली.

मरणाच्या दारातील माणसाला औषध नाकारून प्रयोग कसले करता, असा प्रश्न विचारला जातो. तो कळवळ्यापोटी विचारला जातो, हे आम्ही जाणतो. परंतु गुण ठाऊक नसलेले औषध सरसकट देणे हाही प्रयोगच आहे. फरक इतकाच की, त्याची नोंद राहत नाही आणि रुग्णाची संमतीही कोणी घेत नाही.

१८४२ पासून वैद्यकशिक्षणाची परंपरा असलेल्या या भूमीने अशा परीक्षणांत पुढाकार घ्यावा, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून संमती घ्यावी, आणि निष्कर्ष हाती येताच शासनाने ठराविक मुदतीत त्यावर निर्णय जाहीर करावा. संकटात घाबरलेल्या जनतेला धीर देणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच होय. पण तो धीर सत्याच्या आधारावर दिलेला असावा.