भरावाची माती

रस्ता पाहणाऱ्याची नजर डांबरावर जाते. डांबर काळेभोर आहे, पांढरे पट्टे सरळ आहेत, गाडी हिसका न देता धावते, एवढे दिसले की काम चांगले झाले असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु डांबर हा रस्त्याचा वेष होय. त्याचा देह खालच्या मातीचा असतो. देहच पोकळ राहिला तर वेष किती दिवस टिकणार?

धारगळच्या लोकांस हा विषय परका नाही. पत्रादेवीहून कोलवाळच्या पुलाकडे जाणारा महामार्ग, जो पूर्वी १७ क्रमांकाचा होता आणि आज ६६ क्रमांकाचा आहे, याच गावातून जातो. त्याच्या रुंदीकरणाचे काम निघाले. पुढे मोपाच्या पठारावरील विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. त्या विमानतळाचा जोडरस्ताही धारगळच्या सुकेकुळण भागातूनच निघाला. या वर्षांत कापलेल्या डोंगराची माती सखल जागी पडताना आणि तिच्यावर रोलर येरझारा घालताना आपण सर्वांनी पाहिले. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांचा ग्रह असा की, यंत्र जितके जड तितकी माती पक्की. हा ग्रह अर्धाच खरा आहे.

आपल्या आज्यांना उरलेला अर्धा ठाऊक होता. पाऊस सरून दिवाळी जवळ आली की अंगण नवे करण्याचे काम निघे. माती पसरायची, ढेकळे फोडायची, पाणी शिंपडायचे आणि लगेच चोपणे हाती न घेता ओल मुरेपर्यंत थांबायचे. माती कोरडी राहिली तर चोपण्याखाली नुसती धूळ उडे. पाणी जास्त झाले तर चोपण्याला चिखल चिकटे. नेमकी वेळ हाताला कळत असे. मूठभर माती दाबली की तिचा लाडू वळावा, पण तळवा चिखलाने माखू नये, ही ती खूण.

यामागचे शास्त्र सोपे आहे. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांत काही हवा असते, काही पाणी. रोलरने करावयाचे ते एवढेच की, ही हवा बाहेर काढून कण जवळ आणायचे. पाणी बेताचे असले की कण एकमेकांवरून घसरून जवळ बसतात. ते कमी पडले तर कण एकमेकांस अडवून धरतात. अधिक झाले तर पोकळ्या पाण्यानेच भरून राहतात, आणि पाणी दाबल्याने आकसत नाही. लॉस एंजेलिस येथील अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी मातीच्या धरणांची कामे करताना याचा अभ्यास केला आणि १९३३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीवर आधारलेल्या भारतीय मानकाच्या हलक्या चाचणीत १००० घन सेंटिमीटरच्या साच्यात माती ३ थरांत भरतात आणि २.६ किलोग्रॅमचे वजन ३१ सेंटिमीटर उंचीवरून प्रत्येक थरावर २५ वेळा पाडतात. ओलावा बदलत हेच पुनःपुन्हा केले असता एका ठरावीक ओलाव्याला माती सर्वांत घट्ट बसलेली आढळते. आजीच्या मुठीला जे कळे, त्याला प्रॉक्टर यांनी अंक दिला.

हा प्रयोग घरीही करता येतो. तीन सारख्या डब्यांत सारख्याच वजनाची कोरडी माती घ्यावी. एकीत अगदी थोडे, दुसरीत बेताचे, तिसरीत भरपूर पाणी मिसळावे, आणि प्रत्येकीवर सारखेच ठोके द्यावेत. मधल्या डब्यातील माती सर्वांत खाली बसते. आमच्या शाळेतील मुले हे पाहून चकित होतात. पाणी वाढवले की माती अधिकच दबेल, अशी त्यांची अटकळ असते.

परंतु सर्व मातींचा स्वभाव एक नव्हे. एकट्या पेडणे तालुक्यात पाहा : पठारावर जांभ्याचा मुरूम, मोरजी-हरमलला वाळू, आणि नदीकाठच्या खाजणांत चिकणमाती. मुरमाला गुळगुळीत लोखंडी चाकांचा जड रोलर मानवतो. वाळूला नुसते वजन पुरत नाही. तिला कंप द्यावा लागतो, तेव्हा तिचे कण हलून एकमेकांच्या फटींत बसतात. गाळमिश्रित मातीला हवा भरलेल्या रबरी चाकांचा रोलर मळून काढतो. चिकणमातीसाठी मात्र पिंपावर मेंढीच्या खुरांसारखे खुंट असलेला रोलर लागतो. त्याचे इंग्रजी नाव ‘शीपफूट’ तेच सांगते. त्याचे खुंट प्रथम मातीत खोल रुततात आणि तळ आधी पक्का करतात. फेऱ्या वाढतात तसे ते कमी कमी रुतू लागतात, आणि अखेर रोलर जणू वर चढून आपल्या खुरांवर उभा राहतो. थर झाला, हे यंत्र स्वतःच सांगते.

कोणत्याही रोलरचा दाब फार खोल पोचत नाही. म्हणून महामार्गाच्या भरावात सैल माती एका वेळी सुमारे २० ते २५ सेंटिमीटरच्या थराने पसरावी, असा दंडक आहे. प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या निदान ९५ टक्के घनता भरावात यावी लागते, आणि डांबरी व खडीच्या थरांखालच्या शेवटच्या अर्ध्या मीटरात ९७ टक्के. ती तपासण्यासाठी जागेवर लहानसा खड्डा करतात, निघालेली माती तोलतात, आणि माहीत असलेल्या घनतेची वाळू ओतून खड्ड्याचे आकारमान काढतात. यास फार महागडी साधने लागत नाहीत. लागते ती करण्याची इच्छा.

खरी कसोटी लागते ती रोलर जेथे पोचत नाही तेथे. पुलाच्या तोंडाशी, मोरीच्या पाठीशी, दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीला माती भिडते तेथे मोठे यंत्र जाऊ शकत नाही; ती जागा लहान यंत्राने वा हातातील धुमसाने, पातळ थरांनी ठोकावी लागते. हा कंटाळवाणा भाग टाळला जातो, म्हणूनच पूल सुरू होताना आणि संपताना गाडीला धक्का बसतो. असली जागा किती घातक ठरू शकते, हे महाराष्ट्राने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले. पानशेतचे मातीचे धरण त्या दिवशी फुटले आणि पुणे पाण्यात गेले. त्याची अनेक कारणे सांगितली गेली. काम अपुरे असताना साठलेले पाणी आणि पाणी सोडण्याच्या मार्गावरचा खचलेला भराव, ही त्यांतली ठळक होत. आपल्या खाजणांचे बांध घालणाऱ्यांनाही हेच भय असे. खारे पाणी बांध फोडते ते बहुधा दुबळ्या सांध्याशी. आणि एकदा खांड पडली की आतल्या शेतात खार शिरून पीक हातचे जाते.

आता गावातल्या रस्त्याकडे वळू. नळासाठी वा तारांसाठी मे महिन्यात चर खणला जातो. पाऊस तोंडावर आलेला असतो. निघालेली माती, ढेकळांसह, एकदम चरात लोटतात. खणणारे यंत्र आपल्या बादलीने वरून चार थापट्या देते. त्यावर खडी, आणि झाले. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जे काम रोलरने करावयाचे ते मग तो पाऊस करतो. जूनअखेर चर हातभर खचतो, त्यात पाणी साचते, आणि अंधारात घरी परतणारा दुचाकीस्वार त्यात कोसळतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे मनगट असेच मोडले. तो सुतारकाम करतो. तीन महिने त्याच्या हाती रंधा आला नाही. कागदोपत्री तो चर मात्र भरलेला होता.

अशा कामाची चौकशी करण्यास अभियंता असावे लागत नाही. माती किती थरांत भरली? तिला पाणी दिले का, आणि किती? घनता तपासली असेल तर त्याचा कागद कोठे आहे? हे तीन प्रश्न ग्रामसभेत शांतपणे विचारता येतात, आणि ते चर उघडा असतानाच विचारले पाहिजेत. वर डांबर पडल्यावर उत्तर मिळते ते पावसाकडून.