ड्रोन आधी पडद्यावर उडवा



फवारणीचा ड्रोन चालवायला शिकावे, असे घरातील मुलामुलींना वाटू लागले आहे. चांगलेच आहे. पण पहिले धडे शिवारात नकोत, संगणकावरच्या सिम्युलेटरवर घ्यावेत. त्यात ड्रोन पडद्यावरचा असतो, हातातला रिमोट मात्र खऱ्यासारखाच.

खरी मेख दिशेत आहे. ड्रोनची पाठ आपल्याकडे असेतो सारे सरळ. त्याचे तोंड आपल्याकडे वळले, की दांडी उजवीकडे सारावी तर तो आपल्या डावीकडे जातो! नवशिका इथेच गोंधळतो आणि यंत्र विजेच्या तारेत नाहीतर बाभळीत घालतो. पात्याने बोटही तुटू शकते. पडद्यावर शंभरदा आपटला तरी मोडतोड नाही. म्हणून रोज अर्धा तास, तोंड आपल्याकडे ठेवून ड्रोन एका जागी स्थिर धरावा. काम कंटाळवाणे आहे. पण हात त्यानेच बसतो.

मात्र टाकीतल्या औषधाचे हिंदकळणे पडद्यावर कळत नाही. शिवाय फवारणीसाठी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेत शिकून रिमोट पायलटचा दाखला घ्यावा लागतो. त्यासाठी वय १८ पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण हवे. फी भरण्यापूर्वी संस्थेचा सिम्युलेटर स्वतः पाहून या.