नाताळच्या भेटी आणि गरिबाच्या बचतीचा रखवालदार

डिसेंबर महिना जवळ आला की इंग्लंड-अमेरिकेतील वृत्तपत्रांतून एक ठराविक उपदेश सुरू होतो. मोठे कुटुंब असणाऱ्यांनी नाताळच्या भेटींची यादी आधीच करावी, प्रत्येक नावापुढे रक्कम लिहावी, जानेवारीपासून थोडे थोडे बाजूला टाकावे आणि यादीबाहेर एक पेनीही खर्च करू नये. उपदेश वाईट नाही. परंतु ज्यांना उद्देशून तो केला जातो, त्यांना तो शंभर-दीडशे वर्षांपासून पाठ आहे. आठवड्याच्या मजुरीवर पाच-सहा मुले वाढविणाऱ्या बाईला अंदाजपत्रक शिकवावे लागत नाही. देशाच्या अर्थमंत्र्याला तुटीचे अंदाजपत्रक मांडण्याची मुभा असते. तिला ती नसते. खरा प्रश्न निराळाच आहे. इतक्या काटेकोरपणे बाजूला टाकलेला तिचा पैसा वर्षभर कोणाच्या हाती असतो, आणि तो हात कोणाला जबाबदार असतो?

चार्ल्स डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. तीतील बॉब क्रॅचिट हा कारकून आठवड्याला पंधरा शिलिंगांत बायको आणि सहा मुले पोसतो. त्या घरचे नाताळचे जेवण म्हणजे नियोजनाचा नमुनाच आहे. भाजलेला हंस घराच्या मानाने लहान, म्हणून बटाटे आणि सफरचंदाची चटणी यांची जोड देऊन तो सर्वांच्या ताटांत पुरविला जातो. कथेच्या शेवटी कंजूष मालकाला पश्चात्ताप होतो, तो भलामोठा टर्की पक्षी पाठवितो, कारकुनाचा पगार वाढवितो आणि वाचक डोळे पुसतो. मालकाचे हृदय पालटले म्हणून एक घर सुखी झाले. लंडनमधील इतर कारकुनांच्या पगाराचे काय झाले, हे कथा सांगत नाही. दयेवर उभारलेल्या सर्वच उपायांची हीच मर्यादा असते.

कामगारवर्ग मात्र मालकाच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसला नव्हता. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ‘गूज क्लब’ नावाची पद्धत रूढ होती. मजूर आपल्या नेहमीच्या मद्यगृहात आठवड्याला काही पेनी भरत आणि नाताळला त्या पैशांत त्यांना एक हंस मिळे. ही चाल इतकी परिचित होती की कॉनन डॉयल यांच्या १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या एका कथेतील सारे रहस्य अशाच एका क्लबाच्या हंसावर आधारलेले आहे. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली सहकारी दुकान काढले, आणि त्यातून पुढे जी चळवळ पसरली तिने खरेदीच्या प्रमाणात सभासदांना लाभांश देण्याची प्रथा घालून दिली. अनेक कामगार गृहिणी तो लाभांश उचलत नसत. मुलांचे बूट आणि नाताळचा खर्च यांसाठी तो साठू देत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल या गावच्या एका बँकेने १९०९ साली ‘ख्रिसमस क्लब’ सुरू केला. दर आठवड्याला ठराविक रक्कम भरावयाची आणि ती डिसेंबरच्या तोंडावर एकदम परत घ्यावयाची, अशी ती योजना होती.

या साऱ्या योजनांत एक समान सूत्र आहे. व्याज हे त्यांचे आकर्षण नव्हते. मधल्या काळात पैसा सहजी काढता येऊ नये, हेच आकर्षण होते. ज्या घरात एखादा आजार, एखादा संप, एखादी फाटलेली चप्पल साऱ्या हिशेबाची घडी विस्कटून टाकते, त्या घराला स्वतःच्याच गरजेपासून आपली बचत वाचवावी लागते. श्रीमंताचा पैसा तिजोरीत चोरापासून सुरक्षित ठेवावा लागतो, गरिबाचा पैसा उद्याच्या अडचणीपासून. म्हणूनच तो दुसऱ्याच्या हाती देण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. आणि नेमक्या याच ठिकाणी बाजारपेठ टपून बसलेली असते.

फेअरपॅकचा धडा

ब्रिटनमधील फेअरपॅक या कंपनीची कहाणी कष्टकऱ्यांच्या प्रत्येक संघटनेने ध्यानात ठेवावी अशी आहे. ही कंपनी नाताळसाठी वर्षभर हप्त्याने पैसे गोळा करी आणि सणाच्या तोंडावर खाद्यपदार्थांच्या करंड्या व दुकानांची कूपने देई. हप्ते गोळा करणाऱ्या एजंट बहुधा वस्तीतल्याच बाया असत. शेजारणींचे, नातेवाइकांचे, कामावरच्या सोबतिणींचे पैसे त्या घेत. कंपनीचे खरे भांडवल म्हणजे या बायांवरचा विश्वास हेच होते. कंपनी ज्या उद्योगसमूहाची होती, त्याने ग्राहकांचे हप्ते निराळे न ठेवता समूहाच्या व्यवहारात वापरले. समूहाला कर्ज देणाऱ्या बँकेने अखेर हात आखडता घेतला आणि १३ ऑक्टोबर २००६ रोजी, म्हणजे नाताळ अवघ्या दहा आठवड्यांवर आला असताना, कंपनी कोसळली. लाखाहून अधिक माणसांचे मिळून सुमारे ३ कोटी ७० लाख पौंड अडकले.

या माणसांनी उधळपट्टी केली होती काय? उपदेशकांनी सांगितलेले सारे त्यांनी तंतोतंत केले होते. त्यांनी याद्या केल्या, जानेवारीपासून आरंभ केला, कर्ज काढले नाही. तरीही दिवाळखोरीच्या कायद्याने त्यांना रांगेच्या शेवटी उभे केले. बँकेच्या कर्जाला तारण होते, म्हणून बँक पुढे. हप्ते भरणाऱ्या बाईकडे पावतीखेरीज काही नव्हते, म्हणून ती मागे. ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांना कायद्याच्या भाषेत ‘विनातारण धनको’ म्हणतात. एजंट बायांची अवस्था तर याहून वाईट झाली. स्वतःचे पैसे गेलेच, शिवाय ज्या शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहून हप्ते भरले, त्यांना तोंड दाखविण्याची चोरी झाली.

पुढे सहानुभूतीचा पूर आला, देणग्यांतून मदतनिधी उभा राहिला आणि त्यातून त्या वर्षीच्या नाताळची थोडीफार सोय झाली. संचालकांना अपात्र ठरविण्यासाठी सरकारने भरलेला खटला २०१२ साली मध्येच मागे घ्यावा लागला. न्यायाधीशांनी बँकेच्या वर्तनाविषयी कडक शब्द काढले, पण ते वर्तन बेकायदा ठरले नाही. त्यानंतर बँकेने आपण होऊन ८० लाख पौंड नुकसानभरपाईत घातले. येथेही पुन्हा डिकन्सचाच शेवट! हक्क म्हणून जे मिळावयास हवे होते, ते औदार्य म्हणून मिळाले, तेही अपुरे आणि सहा वर्षांनी. अशा बचत योजनांत ग्राहकांचा पैसा विम्याने किंवा विश्वस्त व्यवस्थेने सुरक्षित ठेवलाच पाहिजे, अशी तरतूद करणारा कायदा ब्रिटिश संसदेने २०२४ साली संमत केला. ज्या घरांत २००६ साली मुलांना रिकाम्या हाताने समजवावे लागले, ती मुले एव्हाना स्वतः आईबाप झाली असतील.

घरातला हिशेब कोण करते?

संस्थांच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न घराच्या आत आहे. समाजशास्त्रज्ञ थिओडोर कॅप्लो यांनी अमेरिकेतील एका मध्यम शहरातल्या नाताळच्या भेटींचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला. पाचांतील चारांहून अधिक भेटी स्त्रियांनी एकट्याने किंवा पतीच्या जोडीने दिलेल्या होत्या, असे त्यात आढळले. केवळ पुरुषांनी स्वतंत्रपणे दिलेल्या भेटींचा वाटा अल्प होता. कोणाला काय आवडते हे लक्षात ठेवणे, सासरमाहेरचा तोल सांभाळणे, एका भाच्याला जास्त आणि दुसऱ्याला कमी होणार नाही हे पाहणे, वेष्टने बांधणे, पाठविणे, आणि हे सारे ठरलेल्या रकमेत बसविणे, हे श्रमच आहेत. त्यांची मजुरी कोणी देत नाही आणि गणना कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. ‘कुटुंबाने अंदाजपत्रक करावे’ हे वाक्य ऐकावयास निःपक्षपाती वाटते. व्यवहारात त्याचा अर्थ ‘घरातील बाईने आणखी एक काम करावे’ असा होतो.

या ओझ्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. कुटुंबात बारा प्रौढ माणसे असली आणि प्रत्येकाने इतर सर्वांना भेट द्यावयाची ठरविली, तर भेटींची संख्या १३२ होते. एका भेटीला १० पौंड धरले तरी प्रत्येकाला ११० पौंड लागतात. हीच माणसे बारा चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी एकच नाव उचलतील, तर भेटी अवघ्या बारा उरतात. मग एका भेटीला ३० पौंड खर्चूनही प्रत्येकाचे ८० पौंड वाचतात आणि लहान मुलांच्या भेटी आखडत्या घ्याव्या लागत नाहीत. पुष्कळ घरांनी ही रीत आपण होऊन स्वीकारली आहे. तिचा लाभ केवळ पैशाचा नाही. ज्या भावाची नोकरी गेली आहे, त्याला ऐपत असलेल्या भावाशी अकरा वेळा स्पर्धा करावी लागत नाही.

भेट ही सक्ती बनली की ती कर होते, हे न्यूयॉर्कच्या दुकानांतील नोकरदार मुलींनी फार पूर्वी ओळखले होते. वरिष्ठांना नाताळची भेट देण्यासाठी त्यांच्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढली जाई. या रिवाजाविरुद्ध १९१२ साली तेथे निरुपयोगी भेटींना आळा घालणारी एक संस्था निघाली आणि या मुली मोठ्या संख्येने तिच्या सभासद झाल्या. संस्थेच्या संस्थापकांत बँकसम्राट मॉर्गन यांची कन्या होती, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. पण एकटी मुलगी वरिष्ठाला ‘नाही’ म्हणू शकत नव्हती, संघटित झाल्यावर ती म्हणू शकली, हा त्यातला धडा विनोदाचा नाही.

येथे एका मोहापासून समाजवाद्यांनीही सावध राहावयास हवे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली असा हिशेब मांडला की, भेट घेणारा तिची किंमत देणाऱ्याच्या खर्चापेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशाने कमी लेखतो. सबब नाताळात तेवढी संपत्ती वाया जाते. या विचारसरणीत रोख रक्कम हीच सर्वोत्तम भेट ठरते. वस्तूला किंमत असते एवढेच या अर्थशास्त्राला दिसते. नात्याला वस्तूची भाषा लागते, हे दिसत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस हे स्वतः समाजवादी आणि सहकारी चळवळीचे कार्यकर्ते होते. देणे, घेणे आणि परत देणे या बंधनांनी समाज बांधला जातो, हे त्यांनी १९२५ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिले. गोव्यात नाताळला घरी केलेल्या नेवऱ्या आणि दोदोल यांचे ताट शेजारी पाठवितात, आणि त्या शेजारात धर्माची भिंत आड येत नाही. त्या ताटाची बाजारभावाने किंमत काढणाऱ्याला ताटही कळले नाही आणि शेजारही. तेव्हा कष्टकऱ्यांच्या घरातून भेट हद्दपार करणे हे उद्दिष्ट असू शकत नाही. भेटीवर बाजाराने बसविलेली जप्ती उठविणे, हे उद्दिष्ट होय.

इकडची स्थिती

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. महाराष्ट्रातील वस्त्यावस्त्यांतून चालणारी भिशी, दुकानदारांचे दिवाळी फंड आणि सराफांच्या मासिक हप्त्यांच्या योजना यांचे कूळ हेच आहे. येथेही सणासाठी मोडता न येणारी बचत, येथेही ओळखीचा एजंट, येथेही पावतीपलीकडे तारण नाही. बक्षीस-चिठ्ठ्यांवर बंदी घालणारा कायदा १९७८ साली झाला, चिट फंडांचा कायदा १९८२ साली झाला, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ साली झाला. या कायद्यांच्या दरम्यान, २०१३ साली, बंगालमधील शारदा समूह कोसळला; तेथेही गावोगावचे एजंट आधी शेजाऱ्यांच्या संतापाला तोंड देत होते. सहकारी बँकांतील ठेवींना जे विम्याचे संरक्षण आहे, ते पतसंस्थांतील ठेवींना नाही, हे कितीतरी ठेवीदारांना संस्था बुडाल्यावरच कळते.

म्हणून कार्यकर्त्यांनी सणासुदीच्या काटकसरीवर व्याख्याने देण्याऐवजी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, आपापल्या वस्तीत कोणकोणत्या भिशा आणि फंड चालतात, पैसा कोठे ठेवला जातो आणि हिशेब कोण तपासतो, याची नोंद करावी. दुसरे, सणासाठी घेतलेला हप्ता हा दुकानदाराचे खेळते भांडवल नव्हे, ती विश्वस्त ठेव आहे, हे तत्त्व प्रत्येक योजनेत लेखी उतरविण्याचा आग्रह धरावा आणि पतसंस्थांतील लहान ठेवींना विम्याचे संरक्षण मिळावे ही मागणी लावून धरावी. तिसरे, जेथे शक्य असेल तेथे कामगार संघटनेने आणि महिला मंडळाने सभासदांच्याच देखरेखीखाली बचत गट चालवावेत, आणि वर्षातून एकदा नव्हे तर दर महिन्याला हिशेब फलकावर लावावा. ब्रिटनमधील अनेक सभासद पतपेढ्या नाताळसाठी अशी स्वतंत्र बचत खाती चालवितात आणि त्यांतील ठेवींना बँकेच्या ठेवींप्रमाणेच संरक्षण आहे. फेअरपॅकच्या ग्राहकांचा पैसा अशा खात्यांत असता, तर २००६ सालचा नाताळ त्यांच्या घरांतून कोणालाही हिरावून नेता आला नसता.

गरीब माणूस सणाला मुलाच्या हाती काही ठेवू इच्छितो, यात त्याचा अविचार नाही, त्याची प्रतिष्ठा आहे. त्यासाठी तो वर्षभर शिस्त पाळतोच. ती शिस्त फळास येईल अशी व्यवस्था उभी करणे, हे आता समाजाचे काम आहे.