खक्करांचा शिंपी आणि खक्करांचे प्रेमिक

भूपेन खक्कर यांचा विषय निघाला की आपल्याकडील बोलणे शिंपी आणि घड्याळजी यांच्यापाशी हमखास थांबते. १९७२ मधील ‘डीलक्स टेलर्स’ आणि ‘जनता वॉच रिपेअरिंग’ ही चित्रे श्रेष्ठ आहेतच; पण ‘सामान्य माणसाचा चित्रकार’ अशी पदवी बहाल केली की पुढच्या चित्रांकडे पाहण्याची जबाबदारी टळते. आमचा आक्षेप या टाळाटाळीला आहे.

१९८२ चे ‘टू मेन इन बनारस’ पाहावे. दोन नग्न पुरुष एकमेकांना बिलगून उभे आहेत आणि त्यांच्या अवतीभवती काशीचा नित्यक्रम, साधू, पूजाअर्चा, सारे यथासांग चालू आहे. आम्हांला या चित्रातले धाडस नग्नतेत दिसत नाही. ते दिसते या शेजारात. कामना येथे पाप नाही आणि बंडही नाही. घाटावरच्या इतर व्यवहारांइतकीच ती स्वाभाविक आहे. शिंप्याकडे पाहणारी नजर हीच होती. मुंबईत जन्मलेले खक्कर १९६२ मध्ये बडोद्यास गेले, आणि चित्रे काढीत असतानाही हिशेबनिसाची नोकरी करीत राहिले. (हिशेबनीस बोलतो कमी, पण त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.)

‘ययाति’ म्हटले की मराठी वाचकास खांडेकर आठवणार. खांडेकरांच्या कादंबरीचा कल संयमाकडे आहे. खक्करांच्या १९८७ च्या ‘ययाति’त वृद्ध पुरुष आहे आणि पंख असलेला तरुण आहे, म्हातारपणी उरलेल्या ओढीला तेथे कोणी बोल लावीत नाही. उलट तिच्याविषयी चित्रकाराला मायाच वाटते. देह सुंदर असेल तरच त्याची इच्छा चित्रविषय व्हावी, हा आपला जुना संकेत येथे मोडतो, आणि आपण अवघडतो ते बहुधा याचमुळे.

खक्कर २००३ मध्ये निवर्तले. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. २०१९ मध्ये ‘टू मेन इन बनारस’ला लंडनच्या लिलावात २५ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. ते आकडे आपण अभिमानाने सांगतो. त्या दोघांच्या मिठीविषयी लिहायची वेळ आली, की मात्र आपली समीक्षा अजूनही निळ्या रंगाच्या छटांवर परिच्छेद खर्ची घालते.